तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

मॅलकी फेलनचं तोंड दिवसातून दोनदा तासभर अखंड चालायचं, आणि त्याच्यावरच त्याचं पोट होतं. आमच्या वॉटरफर्ड गावात, नदीच्या धक्क्यावर, गोल बुरुजाच्या पायथ्याशी, मिटलेली छत्री वर धरून तो उभा राहायचा. पाचदहा प्रवासी जमले की त्यांना गाव दाखवायची फेरी सुरू. व्हायकिंग कुठून आले, कोणी कोणाचं लग्न लावून सबंध शहर खिशात घातलं, कुठल्या राजाची दाढी केवढी होती, सगळं साभिनय. एखाद्या अमेरिकन काकूला पुढे बोलावून तो राजकन्या करायचा आणि तिच्या नवऱ्याला घोडा. बारीक पाऊस पडत असला तरी माणसं हलायची नाहीत.

अशा या वाचाळ माणसाला स्वतःसाठी एक शब्द बोलायची वेळ आली की मात्र दुकान बंद. एकसष्ट वर्षांचा झाला. थोरल्या बहिणीबरोबर, ब्रीडाबरोबर, बॅलीब्रिकनच्या चढावरच्या आईबापांच्या घरात राहिला. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, दोनदा अगदी जमत आलं होतं. दोन्ही वेळा समोरचीने पुढचं पाऊल टाकावं म्हणून मॅलकी थांबला. समोरचीही आमच्याच गावची. तीही थांबली.

सप्टेंबर सरत आला होता, प्रवासी पांगायला लागले होते, तेव्हा लिस्बेत आली. डेन्मार्कची बाई, मॅलकीच्याच वयाची, केस आखूड आणि पांढरे, चालणं ऐटदार. सारा जन्म तिने माणसं-मोटारी वाहणाऱ्या मोठ्या बोटींच्या स्वयंपाकघरात काढला होता. आता निवृत्त होती आणि नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी मॅलकीने सवयीने तिला टोला मारला.

"डेन्मार्क? म्हणजे तुमच्याच लोकांनी वसवलं की हो हे गाव! परत न्यायला आलात का?"

"नाही," लिस्बेत म्हणाली. "बघायला आले. पण नेण्यासारखं काही सापडलं तर नेईन."

सगळे हसले. मॅलकीचे कान लाल झाले आणि पुढच्या राजाचं नाव त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही.

"तेच तेच ऐकून कंटाळा नाही येत तुम्हाला?" त्याने विचारलं.

"तेच कुठे? परवा त्या राजाची दाढी छातीपर्यंत होती. काल पोटावर आली. आज गुडघ्याला लागली. माझं तिकीट रविवारचं आहे, तोवर जमिनीवर पोचते का ते बघायचंय."

मग दुपारची फेरी संपली की दोघं धक्क्यावरच्या बाकावर बसायला लागली. ब्ला आणायची, म्हणजे आमचा तो पिठाने पांढरा झालेला मऊ पाव, त्यात डुकराच्या मांसाचे काप घालून खायची आणि नदीकडे बघायची. आमच्या नदीचं नाव शूर. तिच्या काठच्या माणसांनी ते मनावर घेतलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. लिस्बेत पावाचं पीठ अंगावरून झटकायची आणि विचारलेल्याचं सरळ उत्तर द्यायची. आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. मॅलकीला तिच्याजवळ बसलं की उन्हात बसल्यासारखं वाटायचं. त्याला ती हवी होती. इतकं साधं आणि इतकं सरळ काही त्याला कित्येक वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं.

बुधवारी तो तिला चहाला घरी घेऊन गेला. ब्रीडाने पडदे धुतले होते आणि मनुकांचा केक केला होता.

"चहा घेणार ना?" ब्रीडाने विचारलं.

"हो, द्या," लिस्बेत म्हणाली.

ब्रीडाच्या हातातली किटली क्षणभर हवेतच राहिली. पहिल्याच खेपेला हो! केकचंही तसंच. "घ्या की" म्हटलं आणि बाईने घेतला. मग दुसरा तुकडा पुढे केला तर म्हणाली, "नको, पोट भरलं."

"अहो घ्या हो, एवढासा तर आहे."

"नको, खरंच."

"माझ्यासाठी म्हणून घ्या."

लिस्बेतने ब्रीडाकडे बघितलं. चिडून नव्हे, कोड्यात पडल्यासारखं. "मी नको म्हणाले," ती हळू आवाजात म्हणाली. ब्रीडा कानकोंडी झाली. बशी तिने उचलून कपाटात ठेवली.

आता यात ब्रीडाचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे निव्वळ नमस्कार. दुसरं 'नको' म्हणजे घरच्यांची ख्यालीखुशाली. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं पुटपुटत हात पुढे करतो. विचारणाऱ्याला हे ठाऊक असतं, नको म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं. लहानपणी मॅलकी शेजारच्या कायलीबाईंकडे निरोप घेऊन गेला होता. ओट्यावर गरम पाव होता आणि याच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. बाईंनी दोनदा विचारलं, याने दोनदा नको म्हटलं. तेवढ्यात माडीवर त्यांचं मूल रडलं, त्या वर गेल्या, खाली आल्या त्या विसरूनच, आणि पाव फडक्यात बांधून ठेवला. मॅलकी उपाशी घरी आला. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शहाणं माझं बाळ." भीड भिकेची बहीण असं जग म्हणतं. आमच्या वॉटरफर्डात ती घरातली लाडकी लेक आहे.

गुरुवारी बाकावर लिस्बेतने पावाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि मॅलकीकडे तोंड करून बसली.

"तुमच्या फेऱ्या कधी संपतात?"

"या रविवारी. मग एकदम ईस्टरला."

"मधे काय करता?"

"मधे... पाऊस बघतो."

"माझं घर बंदराजवळ आहे," ती म्हणाली. "लहान आहे. वर एक खोली रिकामी आहे, खाली शेगडी आहे. मला तुमची सोबत आवडते. हिवाळाभर माझ्याकडे या. जमलं तर पुढेही राहा. नाही जमलं तर ईस्टरला परत या. मला वाटतं आपलं जमेल."

एकसष्ट वर्षांत कोणी मॅलकीला असं विचारलं नव्हतं. आतला सगळा माणूस हो हो म्हणून उठून उभा राहिला. आणि तोंड? तोंड आईच्या शाळेत शिकलेलं.

"अहो छे छे," तोंड म्हणालं. "तुम्हाला कशाला एवढा त्रास! तुम्ही म्हणालात हेच खूप झालं. मी कसला येतोय."

लिस्बेतने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे नाही?"

"तुम्ही फार चांगल्या आहात हो," मॅलकी म्हणाला. "पण नाही, नाही, असं कसं यायचं."

तिने अंगावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "ठीक आहे. सरळ सांगितलंत ते बरं झालं." आणि त्याच्या हातावर हलकेच थोपटून उठली.

मॅलकी तो चढ एखाद्या पोरासारखा चढून गेला. घरात शिरतो तोच ब्रीडाने ओळखलं.

"काय रे, लॉटरी लागली की काय?"

"विचारलंन् तिने."

"काय विचारलंन्?"

"डेन्मार्कला ये म्हणाली. तिच्या घरी. हिवाळाभर. जमलं तर कायमचं."

ब्रीडा खुर्चीत बसली. तिचं एकटीचं काय होणार हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर आला आणि तिने तो ॲप्रनवरचं पीठ झटकावं तसा झटकून टाकला. बाई मनाची मोठी होती, जिभेची तेवढी तिखट. "आणि तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

"मग बरोबर!" ब्रीडा म्हणाली. "पहिल्याच हाकेला धावणारा माणूस हावरट दिसतो. आता उद्या परत विचारील, तेव्हाही जरा आढेवेढे घे. शनिवारी हो म्हण. तुझा तो काळा कोट मी उन्हात टाकते. वास मारतोय मेला."

बघा, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कालच याच टेबलाशी त्या बाईने "मी नको म्हणाले" असं सांगितलं होतं आणि ब्रीडाने बशी आत ठेवली होती. पण माणसाला दुसऱ्याचं वागणं विचित्र वाटतं, आपलं कधीच वाटत नाही.

शुक्रवारी लिस्बेत नेहमीसारखी आली. हसली, राजाची दाढी घोट्याला टेकली तेव्हा टाळी वाजवली. बाकावर बसली. मॅलकी वाट बघत होता. गप्पा झाल्या माशांच्या, गुडघेदुखीच्या, तिच्या बोटीवरच्या एका चोरट्या मांजराच्या. हिवाळ्याचं नावच नाही. मग त्याने गळ टाकून पाहिला.

"इथला हिवाळा फार कंटाळवाणा हो. संपता संपत नाही."

"हो, वाचलंय मी," लिस्बेत म्हणाली.

"तुमच्याकडे घरं उबदार असतात म्हणे."

"असतात."

"आणि आगगाड्याही चांगल्या."

"कधीकधी उशिरा येतात." ती हसली आणि त्याला आपल्यातला अर्धा पाव देऊ केला. तो नको म्हणाला. तिने खाल्ला.

घरी ब्रीडा दारातच उभी. "विचारलंन्?"

"नाही."

"अरे उद्या विचारील. बायकांना घाई दाखवायची नसते."

"तिला घाई दाखवायला काही वाटत नाही, ब्रीडा."

"मग काय झालं?"

कोट दोरीवर वाऱ्याने हात हलवत होता. मॅलकीने तो घरात आणला.

शनिवारी धक्क्यावर वारं होतं, म्हणून दोघं कॅथेड्रलजवळच्या चहाच्या दुकानात बसली. शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या बिलासाठी झटापट करत होत्या. मी देते, छे मी देते, तुझी शप्पत. एकीने दुसरीच्या पर्समध्ये नोट कोंबली, दुसरीने ती काढून पहिलीच्या बाहीत खुपसली. लिस्बेत बघत होती.

"मला हे बघवत नाही," ती म्हणाली.

"अहो, गंमत आहे ती त्यांची."

"असेल. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. पण त्याला 'नको' ऐकू यायचं नाही. मी म्हणायची, वाइन नको. तो ओतायचा. मी म्हणायची, आज पाहुणे नकोत, मी दमलेय. ते दारात उभे असायचे. म्हणायचा, तुला हवंच असतं, तू उगाच लाजतेस. सव्वीस वर्षं. शेवटी शेवटी मलाच कळेना मला काय हवंय आणि काय नको." तिने कप बशीत ठेवला. "तो गेला तेव्हा मी ठरवलं. मी कोणाला दुसऱ्यांदा विचारणार नाही. माणूस नाही म्हणाला तर त्याला ते एकदाच म्हणावं लागावं."

मॅलकीने चहात साखर टाकली आणि ढवळत राहिला.

"म्हणून परवा तुम्ही नाही म्हणालात ना," लिस्बेत म्हणाली, "मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण मग बरंही वाटलं की आपण एकमेकांशी असं बोलू शकतो. तुम्ही अवघडून राहू नका. मी तो विषय काढणार नाही."

तेव्हा बोलायचं होतं. अरे गाढवा, तेव्हाच बोलायचं होतं! टेबलावर तिचा हात होता, बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, आणि तो हात त्याच्यापासून वीतभर होता. मॅलकीने तोंड उघडलं. पण आता काय म्हणायचं? माझं नाही खरं नव्हतं? म्हणजे तिच्या नवऱ्याचंच खरं, की माणसं उगाच लाजतात, त्यांच्या नाहीला काही अर्थ नसतो? ज्या एका गोष्टीने तिला त्याच्याबद्दल विश्वास वाटला होता, तीच खोटी होती असं तिला कसं सांगायचं? त्याने तोंड मिटलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

घरी आल्यावर त्याने ब्रीडाला सगळं सांगितलं. ब्रीडा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे ती परत विचारणारच नाही?"

"कधीच नाही."

"मग तू सांग की रे, मेल्या! तोंड आहे ना तुला? सबंध गावाला विकतोस ते तोंड!"

"मला बोलवा असं कसं सांगायचं? भिकाऱ्यासारखं?"

"हो, भिकाऱ्यासारखं," ब्रीडा म्हणाली. "आयुष्यभर सभ्यपणाने राहिलो आपण दोघं, काय मिळालं? बघ आजूबाजूला. मी आहे, तू आहेस आणि हे बटाटे. माझी काळजी करू नकोस. तू गेलास तर मला वाईट वाटेल, पण तू नाही गेलास तर रोज तुझं तोंड बघून वाईट वाटेल." तिने सुरी परत उचलली. "उद्या बस सुटायच्या आधी सांग. दोन शब्द तर आहेत. मला यायचंय."

"मला यायचंय," मॅलकी म्हणाला.

"मला नको, तिला सांग."

सकाळी दाढी करताना त्याने ते म्हणून पाहिलं. मला यायचंय. आरशात ते बरं दिसलं. चढ उतरताना म्हणून पाहिलं. समोरून येणाऱ्या कुत्र्याला सांगून पाहिलं. कुत्र्याने शेपूट हलवली. बस स्थानक नदीकाठीच आहे. तिथे पोचेपर्यंत ते शब्द त्याच्या तोंडात इतके घोळले होते की आपसूक बाहेर पडतील असं त्याला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर त्या सकाळी मॅलकी फेलन सुखात होता.

लिस्बेत आधीच आली होती. डब्लिनच्या विमानतळाची बस लागलेली होती, चालक दारापाशी सिगारेट ओढत होता. मॅलकीने तिची बॅग उचलून बसच्या पोटात ठेवली. मग दोघं समोरासमोर उभी राहिली.

"लिस्बेत," तो म्हणाला. "मला..."

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी बोलते, नाहीतर माझा धीर जाईल." त्याने तिला पहिल्यांदाच अशी अडखळताना पाहिलं. "हिवाळ्याचं मी काढणार नाही म्हणाले होते, नाही काढत. ही दुसरी गोष्ट आहे. वसंतात मी परत इथे आले तर चालेल का? तुम्हाला भेटायला. फक्त तुम्हाला. तुम्हाला आवडेल का ते?"

देवाने याहून जास्त काय करायचं? त्या बाईने स्वतःचा नेम मोडायच्या काठावर येऊन, हात पसरून, दुसरं दार उघडून दिलं होतं. आणि मॅलकीच्या मनाची तयारी एका वाक्याची होती. हे दुसरंच वाक्य आलं. हिवाळ्याचा प्रश्न आला असता तर उत्तर तयार होतं. हा प्रश्न नवा होता, आणि नव्या प्रश्नाला आमचं माणूस काय म्हणतं ते मॅलकीच्या तोंडाला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"अहो, एवढ्या लांबून?" तोंड म्हणालं. "केवढा तो प्रवास, केवढा खर्च! माझ्यासाठी कशाला उगाच जिवाचे हाल करून घेता."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

लिस्बेतच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त तिने मान एकदा खाली केली आणि वर केली. "बरं," ती म्हणाली. "कळलं. मी तुम्हाला उगाच दोनदा नाही म्हणायला लावलं. माफ करा मला." तिने त्याचा गाल चुंबला. तिच्या कोटाला अजून ब्लाचं पीठ लागलेलं होतं. चालकाने सिगारेट विझवली. ती वर चढली.

बसने वळण घेतलं, पुलावर गेली, पलीकडच्या काठाला लागली. मॅलकी तिथेच उभा होता.

"मला यायचंय," तो म्हणाला. मोठ्यांदा म्हणाला.

शेजारी ट्रॅमोरच्या बससाठी थांबलेली एक म्हातारी वळली. "काय म्हणालात?"

"काही नाही," मॅलकी म्हणाला.

दुपारची फेरी हंगामातली शेवटची होती आणि सात माणसं आली होती. तो तासभर बोलला. लोक हसले म्हणतात. त्याला त्यातलं काही आठवत नाही.

घरी ब्रीडाने टेबलावर दोन ताटं मांडली होती. उंबऱ्यात त्याची पावलं वाजताच ती उठली. "सांगितलंस?"

"त्याच्या आधी तिनेच विचारलंन्."

ब्रीडाने दोन्ही हात छातीवर घेतले. "परत विचारलंन्? स्वतःहून? अरे मग?"

मॅलकीने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला समजेना, म्हणून हातातच धरून राहिला.

"नको म्हणालो," तो म्हणाला.

ब्रीडाने त्याच्याकडे बघितलं. ती ओरडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. त्याने ते सोसलं असतं. पण ती हळूच खाली बसली आणि त्याच्या ताटात बटाटे वाढायला लागली, एक, मग आणखी एक.

"म्हणजे दोनदा झालं," ती म्हणाली. तिचे डोळे ताटावर होते आणि आवाज लहान पोराला समजावतात तसा होता. "अजून एकदा उरलंय, मॅलकी."

"हो," मॅलकी म्हणाला.